अमेरिकेत मेडिकलला अर्ज करायचाय? कोणता कोर्स कधी उरकायचा ते असं ठरवा

भारतातल्या नातेवाइकांना हे समजावणं जरा कठीणच जातं. तिकडे बारावी झाली, नीट दिली की मूल एमबीबीएसला बसतं. अमेरिकेत, बीएस-एमडीचे मोजके थेट कार्यक्रम सोडले तर, आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं एमडी. पदवी इतिहासातली असली तरी चालते, पण काही विषय झालेले असावेच लागतात. त्यांनाच इथे प्रीरेक्विझिट म्हणतात. साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी एक वर्ष, तेही लॅबसकट. शिवाय एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री आणि थोडं इंग्रजी लेखन. संख्याशास्त्र, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी यांबाबत प्रत्येक मेडिकल कॉलेजचं वेगळं.

आता नेहमीचा प्रश्न: अर्ज भरण्याआधी हे सगळं संपलेलं हवं का? नाही. बहुतेक मेडिकल कॉलेजांची अट एवढीच असते की मेडिकलचे वर्ग सुरू होण्याआधी ते पूर्ण व्हावं. पण हे ऐकून निवांत बसू नका. सांभाळायच्या तारखा तीन आहेत: एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, अर्जाची आणि वर्ग सुरू होण्याची. कोणता विषय कोणत्या तारखेआधी हवा, ते वेगवेगळं ठरतं.

१. शेवटाकडून मागे मोजत या

समजा मुलगी ऑगस्ट 2026 मध्ये कॉलेजला लागली आणि मध्ये वर्ष न गमावता ऑगस्ट 2030 मध्ये तिला मेडिकल सुरू करायचंय. अर्ज त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जातो, म्हणजे जून 2029 मध्ये, तिसरं वर्ष संपल्या संपल्या. थोडक्यात, चार वर्षांच्या पदवीतली तीनच वर्षं हाताशी असतात. अनेक पालकांच्या हे लक्षात येतं तेव्हा दुसरं वर्ष अर्धं सरलेलं असतं.

२. केमिस्ट्रीची साखळी आधी बसवा

खरी मेख इथेच आहे. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, मग ऑर्गॅनिकचे, म्हणजे ऑर्गोचे दोन, मग बायोकेमिस्ट्री, म्हणजे बायोकेम. आधीचा झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, म्हणजे पाच सेमिस्टर एकामागोमाग एक. (काही कॉलेजांत ऑर्गोच्या पहिल्या भागानंतरच बायोकेमला बसू देतात, तिथे एक सेमिस्टर वाचतं.) आपल्या उदाहरणात पहिली कडी 2026 च्या फॉलमध्ये (ऑगस्टला सुरू होणारं सेमिस्टर) आणि बायोकेम 2028 च्या फॉलमध्ये. एमकॅटसाठी पुढचा स्प्रिंग (जानेवारीचं सेमिस्टर) मोकळा राहतो. गणित बरोबर जमतं, पण ढिलाईला जागा नाही.

पहिल्या सेमिस्टरला ‘आधी रुळू दे, केमिस्ट्री नंतर बघू’ म्हटलं की साखळी सरकते. बरं, बऱ्याच कॉलेजांत पहिला भाग फॉलमध्येच शिकवतात, त्यामुळे घसरगुंडी एका सेमिस्टरची न राहता वर्षाची होते. उन्हाळ्यात एखादा भाग करून गाडी रुळावर आणता येते, मात्र लॅबसकट अख्खा ऑर्गो आठ-दहा आठवड्यांत करणं म्हणजे त्या सुट्टीत दुसरं काही होणार नाही हे धरूनच चाला.

३. एमकॅटआधी काय हवं

बायोकेम. 2015 पासूनच्या एमकॅटमध्ये बायोकेमला वजन आहे: चारपैकी दोन विभागांत प्रत्येकी सुमारे पाव भाग. फिजिक्सही केमिस्ट्रीबरोबरच्या विभागात साधारण पाव भाग येतं, म्हणून निदान पहिला भाग झालेला बरा. सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, तरी तो अनेक जण घरी अभ्यास करून काढतात. निकालाला महिनाभर लागतो, त्यामुळे जूनच्या अर्जासाठी परीक्षा एप्रिल किंवा फार तर मेच्या सुरुवातीला द्यावी.

४. मागे काय ठेवता येईल

फिजिक्सचा दुसरा भाग, संख्याशास्त्र, इंग्रजीचा एखादा कोर्स हे चौथ्या वर्षावर टाकले तरी अर्ज अडत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रवेश जसजसे अर्ज येतील तसतसे दिले जातात, तेव्हा एका लॅबसाठी अर्ज सप्टेंबरपर्यंत अडवून ठेवण्यात शहाणपण नाही. मात्र विज्ञानाचे चार-पाच विषय ‘करणार आहे’ म्हणून दाखवायचे असतील तर एक वर्ष थांबा. एमडीला लागणाऱ्यांचं सरासरी वय 24 च्या आसपास आहे. गॅप इयर इथे नामुष्की समजली जात नाही, मावशीबाई काहीही म्हणोत.

५. फॉर्म भरताना

बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज ॲमकास या एकाच पोर्टलवरून जातो (टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचं वेगळं). पोर्टल मेच्या सुरुवातीला उघडतं, अर्ज महिनाअखेरीपासून पाठवता येतो. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका, मागवण्याची घाई करू नका: स्प्रिंगचे ग्रेड चढण्याआधी मागवला तर ते सेमिस्टर कोरंच जाईल. विनंती करताना ‘ग्रेड आल्यावर पाठवा’ असा पर्याय असतो, तो निवडा. राहिलेले कोर्स ‘चालू/पुढील’ म्हणून सेमिस्टरसकट नोंदवा. अर्ज गेल्यावर नवे ग्रेड ॲमकासवर बदलता येत नाहीत, ते थेट प्रत्येक कॉलेजला कळवावे लागतात. आणि नोंदवलेला कोर्स परस्पर गाळू नका. मिळालेला प्रवेशसुद्धा प्रीरेक्विझिट पूर्ण न झाल्याने जाऊ शकतो.

हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा कोर्सही मोजला जातो, त्याचाही ट्रान्सक्रिप्ट लागतो. एपीच्या (हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सच्या) क्रेडिटवर जनरल केमिस्ट्री सोडायची असेल, तर काही मेडिकल कॉलेजं ते मानत नाहीत आणि काही त्याच विषयाचा वरचा कोर्स मागतात. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमसार या यादीत प्रत्येक कॉलेजची अट मिळते. पहिल्या वर्षीच आवडती सात-आठ कॉलेजं त्यात पाहून घ्या.

भारतातली बीएस्सी असेल तर

पुण्या-मुंबईची पदवी घेऊन इथे आलेल्यांना वाटतं, केमिस्ट्री तर झालीय. पण अनेक मेडिकल कॉलेजं प्रीरेक्विझिट अमेरिका किंवा कॅनडातल्या कॉलेजांतलेच मागतात, आणि काहींना ते फार जुनेही चालत नाहीत. म्हणजे साखळी पुन्हा पहिल्या कडीपासून, किमान दोन वर्षं. त्यात बरीच कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. एच-फोरवर (एच-वन बीधारकाच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) असाल तर पोस्ट-बॅकची, म्हणजे पदवीनंतर हे विषय करायच्या कार्यक्रमाची, फी भरण्याआधी आपल्या व्हिसावर कोणती कॉलेजं अर्ज घेतात ते त्यांच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.