संगणकावर चालते, मोबाइलवर अडते : वेबसाइटच्या सर्टिफिकेटमधल्या या चुका टाळा

बेळगावातला कुंद्याचा दुकानदार असो की निपाणीची पतसंस्था, ग्राहक त्यांच्या वेबसाइटवर पत्ता, मोबाइल नंबर, पासवर्ड टाकतो. वेबसाइटची ओळख पटवणारं डिजिटल सर्टिफिकेट सर्व्हरवर नीट बसलेलं असेल, तर ही माहिती त्याच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत सांकेतिक रूपात जाते. वाटेत कुणी टपून बसला, तरी त्याला ती वाचता येत नाही. शिवाय समोरचा सर्व्हर त्याच नावाचा आहे, हेही ब्राउझर तपासून घेतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मुदतीचा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सर्टिफिकेट साधारणपणे ९० दिवसांचं असतं. विकतच्या सर्टिफिकेटचीही कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येते. म्हणजे कॅलेंडरवर खूण करून हाताने नूतनीकरण करणं आता परवडणारं नाही. लेट्स एन्क्रिप्टने आठवणीचे ईमेलही जून २०२५ मध्ये बंद केले. आपोआप नूतनीकरण करणारं सर्टबॉटसारखं साधन लावा आणि त्याची ड्राय-रन, म्हणजे खरं सर्टिफिकेट न काढता होणारी, चाचणी घ्या. ती फसली तर आधी पोर्ट ८०, म्हणजे साध्या http ये-जेचं सर्व्हरचं दार, पाहा: सुरक्षेच्या नावाखाली अनेकजण तो बंद करून टाकतात आणि वेबसाइटचं नाव तुमच्याच ताब्यात आहे याची नेहमीची पडताळणी त्याच पोर्टवरून होते. तो उघडा ठेवून सगळी ये-जा सुरक्षित https च्या पोर्ट ४४३ कडे वळवा. नवी फाइल आली तरी एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो. म्हणून नूतनीकरणानंतर रीलोड आपोआप होईल अशी सोय करा.

संगणकावर साइट उघडते, पण मोबाइल अ‍ॅप किंवा पेमेंटचा निरोप अडतो? मग बहुधा साखळीतलं मधलं सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या सर्टिफिकेटला देणाऱ्या संस्थेच्या मूळ सर्टिफिकेटशी जोडणारं, लावायचं राहिलं आहे. काही ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात, अ‍ॅप्स सहसा आणत नाहीत. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘सर्ट’ऐवजी ‘फुलचेन’ नावाची फाइल द्या.

‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना, दोन्ही नावं सर्टिफिकेटात हवीत. ‘*.’ लावलेलं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट उपनावांची एकच पायरी झाकतं, त्याखालचं उपनाव उघडं राहतं. एकाच ग्राहकाला इशारा दिसत असेल, तर त्याच्या संगणकाची तारीख बघा. आतली छोटी बॅटरी गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं.

इशारा दिसला म्हणून ग्राहकाला फोनवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा’ असं कधीही सांगू नका. ही सवय एकदा लागली की खऱ्या धोक्याच्या वेळीही तो तेच बटण दाबेल. कुलपाचं चिन्हही प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे, खोट्या साइटलाही सर्टिफिकेट मिळतं. पत्त्यातलं नाव अक्षरन् अक्षर वाचायला त्याला शिकवा.

खासगी की (सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त फाइल) कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल, तर ती फुटली असंच समजा. ते सर्टिफिकेट रद्द करवून घ्या आणि नवी की तयार करून त्यावर नवं काढा. जुन्याच कीवर नूतनीकरण करून काही साधत नाही.