न्यूयॉर्कच्या पहिल्या कृष्णवर्णीय जमीनमालकांचे कागद कसे शोधायचे आणि कसे वाचायचे

न्यूजर्सीत कोणी नातेवाईक असलं की मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कला चक्कर होतेच. तो पार्क आणि आजूबाजूचा ग्रीनिच व्हिलेज, सोहोचा बराचसा भाग 1640 च्या दशकात आफ्रिकन माणसांच्या नावावरची शेतजमीन होती. तेव्हा शहर न्यू ॲमस्टरडॅम आणि कारभार डच वेस्ट इंडिया कंपनीचा, या लोकांना गुलाम म्हणून राबवणारीही हीच कंपनी. हा सगळा माग घरबसल्या काढता येतो.

स्टेप 1: डच रेकॉर्ड गाठा. मूळ कागद न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, न्यूयॉर्क स्टेट अर्काइव्ह्जमध्ये आहेत, 1911 च्या आगीत बरेचसे कडांनी जळालेत, पण इंग्रजी भाषांतरं ऑनलाइन फुकट मिळतात, डच यायची गरज नाही. कौन्सिलची, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळाची मिनिट्स आणि जमिनीचे कागद, दोन्ही उघडून ठेवा, एकातलं दुसऱ्याशिवाय कळत नाही.

स्टेप 2: नावं सगळ्या स्पेलिंगने शोधा. सायमन काँगो, पाउलो अँगोला, पीटर सँटोमे, अँथनी पोर्तुगीज अशी नावं दिसतील, आडनावाच्या जागी मुलुख. मॅन्युएल तर तीन आहेत, मोठा, छोटा आणि गेरिट दे र्यूसचा, त्यांची सरमिसळ करू नका. या तिसऱ्या मॅन्युएलची 1641 ची नोंद जरूर वाचा. एका गुलामाच्या खुनाबद्दल नऊ जणांनी मिळून कबुली दिली, म्हणून चिठ्ठ्या टाकून एकाला फाशी द्यायचं ठरलं, चिठ्ठी याची निघाली, त्याला शिडीवरून ढकललं तर दोन्ही दोर तुटले आणि जमलेल्या लोकांनी दयेसाठी एवढा गलका केला की सगळ्यांना माफी द्यावी लागली. तीन वर्षांनी हाच माणूस मुक्त झालेल्यांच्या यादीत आहे.

स्टेप 3: 25 फेब्रुवारी 1644 चा ठराव ओळ न ओळ वाचा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गव्हर्नर विलेम कीफ्टने 11 पुरुषांना आणि त्यांच्या बायकांना मुक्त केलं, अठरा-एकोणीस वर्षं कंपनीची चाकरी झाल्यावर. आपण सातबाऱ्यावर मालकाच्या नावाआधी 'इतर हक्क' बघतो ना, तसं इथे अटी आधी बघा. दरवर्षी प्रत्येकाने 30 स्केपेल (धान्य मोजायचं डच माप) मका किंवा गहू आणि एक धष्टपुष्ट डुक्कर कंपनीला द्यायचं, नाही दिलं तर परत गुलामी. बोलावलं की कामाला हजर व्हायचं, त्याची मजुरी मिळेल. आणि त्यांची मुलं, झालेली आणि अजून व्हायची असलेली सुद्धा, कंपनीचीच गुलाम राहणार! म्हणजे जमीन बापाच्या नावावर आणि पोरं कंपनीच्या मालकीची. इतिहासकार याला अर्धं स्वातंत्र्य म्हणतात, मला तो शब्द फार सौम्य वाटतो.

स्टेप 4: जमिनीची तारीख आणि जागा जुळवा. बहुतेक जमिनी 1643 पासून, कीफ्टचं मूळ रहिवाशांशी युद्ध पेटलं त्या सुमारास दिल्या गेल्या आणि त्याही वस्तीच्या उत्तरेला. त्यांचा हल्ला आला तर आधी यांच्यावर येणार, त्यामुळे याला कंपनीचा उदारपणा समजू नका. कॅटालिना अँथनी या विधवेच्या नावावरही 1643 चा कागद आहे, तोही बघा.

स्टेप 5: वारसा शोधा. यासाठी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि कौन्सिलकडे आलेले अर्ज लागतात. 1661 मध्ये इमॅन्युएल पीटर्सन आणि डोरोथी अँगोला या जोडप्याने अर्ज केला, डोरोथी ज्याची गॉडमदर (बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई) होती तो अनाथ अँथनी त्यांनी स्वतःच्या कष्टावर वाढवला होता, त्याला स्वतंत्र म्हणून नोंदवा म्हणजे त्याला वारसा मिळेल. अर्ज मंजूर झाला. मृत्युपत्रंही सोडू नका, पीटर सँटोमेचा मुलगा सॉलोमन पीटर्स याचं 1694 चं आहे, त्यात घर-जमीन बायकोला आणि लोखंडी अवजारं, बंदुका मुलांना दिल्यात.

स्टेप 6: 1712 नंतर शोधायची पद्धत बदला. 1664 ला इंग्रज आले, पुढे 1712 च्या गुलामांच्या उठावानंतर कायदाच झाला की यापुढे मुक्त होणाऱ्या कुठल्याही कृष्णवर्णीयाला कॉलनीत घर-जमीन बाळगता येणार नाही. त्यामुळे त्यानंतर खरेदीखतात नावं दिसेनाशी झाली म्हणून माणसं नव्हती असं समजू नका. गोऱ्या मालकांची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या उघडा, गुरं आणि भांड्यांच्या ओळींमध्ये गुलाम असलेली माणसं किमतीसकट लिहिलेली सापडतात, आणि हा शोध 4 जुलै 1827 पर्यंत चालू ठेवा, कारण न्यूयॉर्कमध्ये गुलामी तेव्हा कुठे बंद झाली.