कॉफीच्या फुलाला पाणी कधी द्यायचं?
पोफळीच्या वाडीत रोबस्टा कॉफी लावलीत आणि फुलं चार इथे, चार तिथे, कधीही येतात? मग तिला शिंपणाचं पाणी सतत मिळतंय. कॉफीच्या कळीला आधी पाण्याचा ताण, म्हणजे कोरडेपणा लागतो, मग एकदम भरपूर पाणी. कर्नाटकातल्या मळ्यांत फेब्रुवारी-मार्चच्या सरी हे काम करतात. कोकणात तेव्हा आभाळ कोरडं, म्हणून तुषार सिंचन.

पोफळीचं पाणी तोडता येत नाही, ते तिच्या बुंध्यापुरतंच ठेवा. डिसेंबरपासून कॉफी कोरडी राहू द्या. पेरांवरच्या कळ्या फुगल्या की एकाच वेळी 25 ते 40 मिलिमीटर पाणी द्या. आठ-दहा दिवसांत झाड फुलांनी पांढरं होतं. नुसता शिडकावा नको, कळ्या अर्धवट उमलून करपतात. अवकाळीची हलकी सर हेच करते, तेव्हा उरलेलं पाणी लगेच भरून काढा. फुललेल्या दिवशी मात्र तुषार बंद! रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात, ते धुऊन जातात.

पुढचं पाणी दोन-तीन आठवड्यांनी. टाचणीच्या डोक्याएवढी फळं खरी फुगतात ती पावसाळ्यात, पण मुळाशी पाणी तुंबलं तर गळतात. मे महिन्यातच चर मोकळे करून घ्या.