पक्षाघात: धावपळ व्हायच्या आधीची तयारी

घरात कुणाला बीपी, मधुमेह किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा त्रास असेल, कुणाला तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर पहिलं काम हॉस्पिटल ठरवण्याचं. नुसतं जवळचं नको. चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूविकाराचे डॉक्टर असलेलं हवं. आजच विचारून घ्या, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रात्री-अपरात्रीही मिळतं का? ते साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये चुकीच्या दारात गेलात, तर त्यातला तास-दीड तास सहज जातो.

लक्षणं घरातल्या पोराबाळांनाही माहीत हवीत: हसायला सांगितलं की तोंड एका बाजूला जातं, दोन्ही हात वर केले की एक खाली येतो, बोलणं अडखळतं. अचानक तोल जाणं, एकदम दिसेनासं होणं हेही त्यातलंच. यातलं एक दिसलं तरी पुरे, लगेच १०८ लावा. बहुतेकदा दुखत काहीच नाही, म्हणून माणसं ‘जरा पडतो, बरं वाटेल’ म्हणतात. पडू देऊ नका. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी न्याच. मोठ्या झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते.

माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठताना लक्षात आलं, तर रात्री झोपतानाची. डॉक्टर आधी हेच विचारतील.

पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिन तर नाहीच. गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात ती गोळी घात करेल. बोटांना सुई टोचायचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा उपाय जीवघेणा वेळ खातो. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र तपासा, कारण साखर उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात.

औषधांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव ठळक लिहा. चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल, तर खुर्चीत बसवून खाली उतरवायला कोण येईल ते आधीच बोलून ठेवा. आणि दिवसा आई-वडील एकटेच घरी असतील, तर एक किल्ली शेजारी द्या.