ई-इंकवर फोटो बिघडतो तो या चुकांमुळे

‘ई-इंकवर फोटो चांगला दिसतच नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या बहुतेकांचा पडदा (ई-बुक रीडरवर असतो तसा, कागदासारखा दिसणारा) ठणठणीत असतो. फोटोची वाट त्याआधीच लागलेली असते, आणि ती लागते कामांचा क्रम चुकल्यामुळे.

काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पिक्सेल एकतर काळा असतो नाहीतर पांढरा. मधला करडा रंग दिसतो तो ठिपक्यांच्या कमीजास्त दाटीमुळे, आणि ही दाटी ठरवणं म्हणजे डिदरिंग. ती पडद्याच्या नेमक्या पिक्सेलांसाठी ठरवलेली असते. म्हणून डिदरिंग सगळ्यात शेवटी करायचं. त्यानंतर चित्राचा आकार बदलायचा नाही आणि ते जेपेगमध्येही साठवायचं नाही.

माझ्या एका मित्राने आईवडिलांसाठी फोटोफ्रेम बनवली. पडदा साडेसात इंची, ८०० × ४८० पिक्सेलचा. त्यात आजी-आजोबांच्या लग्नाचा जुना फोटो लावायचा होता. फोटो आला, पण आजीच्या नऊवारीवर चौकड्यांच्या लाटा आणि चेहऱ्यांवर काळे डाग. आधी पडद्याच्या केबलच्या पट्टीवर संशय, मग पॉवर सप्लायवर, शेवटी नवा पडदाच मागवला. लाटा तशाच. मी फाइल मागितली तेव्हा उलगडा झाला. मोठ्या फोटोत बारकावे जास्त, म्हणून त्याने पूर्ण स्कॅनलाच डिदरिंग केलं होतं. ती फाइल मेसेजिंग अ‍ॅपवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवली, तिथे तिचं जेपेग झालं. मग फ्रेमच्या प्रोग्रामने ती ८०० × ४८०मध्ये बसवली आणि वर पुन्हा काळं-पांढरं केलं.

आकार लहान करताना शेजारच्या ठिपक्यांची सरासरी निघते. ठिपक्यांची जाळी आणि पिक्सेलांची जाळी जुळत नाहीत, म्हणून लाटा उमटतात. जेपेग चित्राचे ८ × ८चे तुकडे करतं आणि सावकाश बदलणाऱ्या छटा जपून बारीक चढउतार टाकून देतं. डिदर केलेलं चित्र म्हणजे निव्वळ बारीक चढउतार! त्यात जागाही वाचत नाही. या पडद्याचं एका बिटचं (प्रत्येक पिक्सेल फक्त काळा किंवा पांढरा) कच्चं चित्र ४८,००० बाइटांत मावतं. त्याच चित्राचं जेपेग बरेचदा त्याहून मोठं होतं.

आम्ही मूळ करडा स्कॅन घेतला, कापला, ८०० × ४८०चा केला, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला, किंचित शार्प केलं, मग डिदर करून एका बिटच्या पीएनजीत साठवलं. तोच जुना पडदा, आणि त्यावर नऊवारीचे काठ दिसू लागले. फाइल अ‍ॅपवरून पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरी चूक गॅमाची, म्हणजे फाइलमधला आकडा आणि खरा प्रकाश यांच्या नात्याची, आणि ‘कोडच्या एका ओळीत काम होतं’ म्हणणारे हमखास तीच करतात. पायथॉनच्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीमध्ये चित्र एका बिटचं करायला सांगितलं की ते आपोआप फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीने (प्रत्येक पिक्सेलमधली चूक शेजारच्या पिक्सेलांत वाटून) डिदर करतं, पण गॅमा विचारात घेत नाही. फाइलमधला (० ते २५५ पैकी) १२८ हा आकडा अर्धा प्रकाश नसतो. तो पांढऱ्याच्या साधारण २२ टक्केच असतो. त्याच्या जागी निम्मे पिक्सेल पांढरे पडले की सावल्या उडतात आणि चेहरे पिठूळ दिसतात. आकडे आधी लिनिअर, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात, करा, मग डिदर करा. पूर्ण लिनिअर केलेलं चित्र माझ्या डोळ्यांना पडद्यावर जरा काळवंडलेलं वाटतं, म्हणून मी थोडं अलीकडेच थांबतो. तुमचा पडदा समोर ठेवून ठरवा, लॅपटॉपवर बघून नको. लॅपटॉपवर बघायचंच असेल तर १०० टक्क्यांवर. झूम कमी केलं की नसलेल्या लाटा दिसतात.

डिदरिंगची पद्धत कोणती, यावर लोक तासन् तास वाद घालतात. माणसांच्या फोटोला फ्लॉइड-स्टाइनबर्ग. अ‍ॅटकिन्सनची पद्धत पिक्सेलमधल्या चुकीपैकी सहा-अष्टमांश भागच पुढच्या पिक्सेलांत वाटते, त्यामुळे पांढरं आणि काळं स्वच्छ राहतं. रेखाचित्रांना मी तीच वापरतो. चित्राचा एखादाच भाग सतत बदलणार असेल तर बायरची ठरलेल्या साच्याची पद्धत, कारण बाकीच्या दोन पद्धतींत एक पिक्सेल बदलला तरी पुढचे ठिपके हलतात.

अक्षरांना डिदरिंग कधीच नको. देवनागरीत तर शिरोरेषा तुटक होते आणि अनुस्वार ठिपक्यांत हरवतो. फोटो डिदर झाल्यावर मजकूर वरून ठळक काळ्यात, कडा मऊ न करता छापा.

पडदा १६ छटांचा असेल तर त्या वापरा. चार बिटचं पीएनजी करा, डिदरिंगही १६ छटांवर करा.

मागच्या चित्राची सावली उरली तर पूर्ण रिफ्रेश द्या, म्हणजे सगळा पडदा नव्याने उमटवा, फाइलशी झटापट नको.

आणि चित्र निगेटिव्हसारखं आलं तर फॉर्मॅट बदलत बसू नका. पीबीएम या एका बिटच्या चित्रांच्या फॉर्मॅटमध्ये १ म्हणजे काळा, तर बऱ्याच पडद्यांच्या कंट्रोलरना (पडदा चालवणाऱ्या चिपना) १ म्हणजे पांढरा. बिट उलटे करा, काम झालं.