कॉफी मेकर घरच्या घरी साफ करताना या चुका टाळा

ड्रिप कॉफी मेकरमध्ये, म्हणजे कॉफी पावडरीवर गरम पाणी थेंबथेंब सोडणाऱ्या मशीनमध्ये, दोन प्रकारची घाण साचते आणि निम्मे घोटाळे दोन्ही एकच समजल्यामुळे होतात. पाणी तापतं त्या नळीत पांढरा, खडबडीत थर बसतो तो क्षारांचा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. काचेच्या भांड्यावर आणि बास्केटवर (पावडर घालायची जाळी) तपकिरी, चिकट थर चढतो तो कॉफीतल्या तेलाचा. क्षाराला आम्ल लागतं: व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. तेलाला साबण किंवा खायचा सोडा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणं

सफाईच्या व्हिडिओंत फसफसून फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय सफाई चाललीय! तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्याने ना क्षार निघत, ना तेल.

नुसतं वाया गेलं असतं तर ठीक होतं, पण साध्या ड्रिप मशीनला पंप नसतो. टाकीतलं पाणी एका छोट्या एकेरी झडपेतून तळाच्या नळीत उतरतं, तिथे उकळतं आणि वाफेचे बुडबुडे त्याला वर ढकलतात. नेहमीचा किस्सा असा: वर्षभर बोअरच्या पाण्यावर चाललेलं मशीन, दहा मिनिटांच्या कॉफीला पंचवीस मिनिटं लागायला लागतात. मग टाकीत चार चमचे सोडा, वर व्हिनेगर, लगेच बटण चालू. फेस झाकणातून ओट्यावर येतो. दुसऱ्या दिवशी पाणी चढतच नाही, नुसती गुरगुर आणि वाफ. खालचं झाकण उघडलं की झडपेत न विरघळलेला सोडा आणि अर्धवट सुटलेल्या क्षाराच्या कपच्या अडकलेल्या सापडतात. शिवाय ही नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि गरम सोड्याचं पाणी ॲल्युमिनियम खातं. म्हणून सोडा टाकीत कधीच नाही. तो काचेच्या भांड्यात: एक मोठा चमचा सोडा, वर गरम पाणी, अर्धा तास, मग मऊ ब्रश.

व्हिनेगर एका दमात उकळून काढणं

ही घाईची चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारी. आम्लाला क्षार विरघळवायला वेळ लागतो. पाच मिनिटांत नळीतून धावून गेलेलं व्हिनेगर फक्त घरभर वास करतं. पांढरं व्हिनेगर (बाटलीवर बहुधा 4 टक्के लिहिलेलं असतं) आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या. बास्केटमध्ये रिकामा कागदी फिल्टर ठेवा, सुटलेल्या कपच्या त्यात अडकतात. अर्धी टाकी रिकामी झाली की मशीन बंद. अर्धा तास हात लावायचा नाही. मग उरलेलं काढा आणि साध्या पाण्याच्या तीन टाक्या फिरवा. दोन टाक्यांवर भागवणाऱ्यांना सकाळची कॉफी आंबट लागते. निम्म्याहून दाट मिश्रण करू नका, रबरी वायसर लवकर खराब होतात.

आम्हाला विचाराल तर सायट्रिक ॲसिड जास्त बरं, वास नाही. लिटरला 20 ग्रॅम, म्हणजे साधारण दीड मोठा चमचा, आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून. मूठभर टाकलं की लवकर होईल हा हिशेब चुकतो: कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि नळीतच नवा पांढरा गाळ बसतो.

दोष पावडरीचा, शिक्षा मशीनला

चिकोरी मिसळलेली बारीक फिल्टर कॉफी कागदी फिल्टरमध्ये तुंबते, बास्केट भरून वाहते आणि लोक क्षार काढायला बसतात. आधी पावडर न घालता नुसतं पाणी चालवा. पाणी नेहमीच्या वेळेत उतरलं तर मशीन ठीक आहे, जाडसर दळलेली पावडर आणा.

बाकीच्या, थोडक्यात

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र: क्लोरीन वायू तयार होतो. अजिबात नाही.

टाकीत लिंबू पिळणं: गर आणि बिया थेट झडपेत. चिंचेचा कोळ तर पितळेच्या भांड्यांसाठीच राहू द्या.

गरम काचेच्या भांड्यात बर्फ: तडा.

तापपट्टी (काचेचं भांडं ठेवायची गरम पट्टी) तारेच्या घासणीने घासणं: वरचा लेप निघतो. प्लग काढून, थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा.

ॲल्युमिनियमच्या मोका पॉटला (गॅसवर कॉफी करायचं भांडं) सोडा किंवा डिशवॉशर: काळा पडतो.

धुतल्यावर टाकीचं झाकण लगेच लावणं: आत बुरशी. रात्रभर उघडी ठेवा.

स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरची भोकं तुंबली की काहीजण चाळणी गॅसवर धरून जाळतात. भोकं मोकळी होतात, पण स्टील निळं-काळं पडतं. त्याऐवजी ती पातेल्यात लिटरभर पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळा. स्टीलला सोडा चालतो. मग उजेडाकडे धरून बघा, एखादं भोक बंद दिसलं तर मागच्या बाजूने टाचणी घाला.

किती वेळा? बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर महिन्याला एकदा क्षार काढा. मुंबईसारखं तलावाचं मृदू पाणी असेल तर तीन महिन्यांनी पुरतं. बास्केट आणि भांडं मात्र रोज साबणाने धुवायचं.