सीटीचं बर्डन: प्लेटवरचा आकडा आणि ट्रेंचमधली वायर

डिप्लोमा किंवा आयटीआय करून वाळूज, चिकलठाणा, जालना एमआयडीसीत नाहीतर एखाद्या 33/11 केव्ही उपकेंद्रावर टेस्टिंगच्या कामाला लागलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. सीटीचं, म्हणजे मोठा करंट लहान करून रिले-मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचं रेशो, पोलॅरिटी, मॅग्नेटायझिंग कर्व्ह तुम्हाला येतंच. गाडी अडते ती बर्डनपाशी, म्हणजे सीटीच्या सेकंडरीवर वायर आणि रिले मिळून जो भार टाकतात, त्यापाशी; तो व्हीएत (व्होल्ट-अँपिअर) मोजतात. माझी बरेच दिवस अडून होती आणि तो त्रास अजून आठवतो. समोर रिपोर्टचा कोरा रकाना, त्यात काय भरायचं ते कुणी सांगेना, आणि विचारलं की उत्तर एकच: ‘मागच्या रिपोर्टमधून उतरव.’

हे ‘उतरव’ प्रकरण आधी सोडा. दुसऱ्या साइटची एक्सेल शीट म्हणजे दुसऱ्या साइटच्या वायरची लांबी. तुमच्या यार्डात तिचा काडीचा उपयोग नाही.

आता मुख्य सापळा. सीटीच्या प्लेटवर 15 व्हीए, 5पी10 लिहिलंय (5पी10 चा अर्थ पुढं येतो). फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या रिलेच्या कॅटलॉगमध्ये बर्डन 0.3 व्हीए. 15 मधून 0.3 गेले, म्हणजे भरपूर जागा उरली असं वाटतं आणि सही होते. पण आजच्या न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवरच्या) रिलेचं बर्डन नगण्यच असतं. सगळा भार असतो तो यार्डातल्या सीटीपासून कंट्रोल रूममधल्या पॅनेलपर्यंत गेलेल्या वायरचा.

हिशोब करून बघा. सीटी 400/5, अंतर 60 मीटर, वायर 2.5 स्क्वेअर एमएम तांब्याची. या वायरचा रेझिस्टन्स 20 अंशांना किलोमीटरला 7.41 ओहम. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी 120 मीटर धरायची. 0.89 ओहम झाले. व्हीए म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. 5 चा वर्ग 25, म्हणजे 22 व्हीए फक्त वायरचेच. पंधराची सीटी इथंच संपली. शिवाय 20 अंश हे कागदावरचं तापमान. आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडला ट्रेंचवरची फरशी उचलून केबलला हात लावून बघा. 45 अंश धरले तरी तांब्याचा रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी वाढतो. रिलेसकट आकडा पावणेपंचवीसच्या घरात जातो.

इथं कुणीतरी सांगेल की तिन्ही फेज बॅलन्स असल्या तर न्यूट्रलमधून करंट येतच नाही, मग लांबी एकदाच धरा. बॅलन्स लोडला ते बरोबर आहे. पण एका फेजचा अर्थ फॉल्ट झाला की करंट न्यूट्रलनंच परत येतो, आणि सीटीची खरी परीक्षा तेव्हाच असते. दुप्पटच धरा.

जास्त बर्डन म्हणजे सीटी जळते, असं समजू नका. रोजच्या लोडवर सगळं छान चालतं आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. 5पी10 मधला 10 हा पूर्ण बर्डनवर दिलेला शब्द आहे: दहापट करंटपर्यंत, म्हणजे 4000 अँपिअरपर्यंत, चूक पाच टक्क्यांच्या आत राहील. बर्डन वाढलं की हा दहा खाली येतो. सीटीच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स 0.2 ओहम धरा. प्लेटप्रमाणे 0.6 अधिक 0.2, एकूण 0.8. प्रत्यक्षात 0.99 अधिक 0.2, एकूण 1.19. दहाला 0.8 नं गुणून 1.19 नं भागा: 6.7. म्हणजे 2700 अँपिअरच्या आसपासच कोअर सॅच्युरेट, त्यापुढं सेकंडरीचा करंट प्रायमरीच्या प्रमाणात वाढत नाही. 5 एमव्हीएच्या, सात टक्के इम्पिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरमागं 11 केव्हीला फॉल्ट करंट साडेतीन हजारांच्या पुढं जाऊ शकतो. तेवढ्यात रिलेला खरा करंट दिसणारच नाही. तो उशिरा ट्रिप देईल, आणि तोवर मागचा ब्रेकर पडून अख्ख्या उपकेंद्राची गावं अंधारात.

घाबरू नका, तपासणी सोपी आहे. शटडाऊन, परमिट आणि अर्थिंग झाल्यावर सीटीच्या सेकंडरी टर्मिनल बॉक्सपाशीच जा. मार्शलिंग बॉक्समधून, म्हणजे यार्डातल्या वायरी मध्येच एकत्र येतात त्या पेटीतून, करंट इंजेक्ट केला तर सीटीपासून तिथपर्यंतचा तुकडा मोजणीतून सुटतो, आणि आळसानं बहुतेक जण तेच करतात. सीटीच्या बाजूची लिंक उघडा, नाहीतर काही करंट सीटीकडं वळेल. तिथूनच, लिंकच्या पॅनेलकडं जाणाऱ्या बाजूला, फेज-न्यूट्रलमध्ये 5 अँपिअर सोडा आणि त्याच दोन टर्मिनलवर व्होल्टेज वाचा. 4.9 व्होल्ट आले तर 24.5 व्हीए. तिन्ही फेज वेगवेगळ्या करा. आर आणि वायला 4.9, बीला 6.1 आलं, तर बीमध्ये पाव ओहम जास्तीचा आहे. बहुतेक वेळा वायरच्या टोकाचं एखादं लग इन्सुलेशनवरच क्रिंप केलेलं (दाबून बसवलेलं) सापडतं. वरून फेरूल, रंग सगळं नीट. ओढून बघितलं की हातात येतं. साधा मल्टिमीटर इतक्या कमी ओहमला भरवशाचा नाही. त्यासाठी इंजेक्शनच करा.

काम झालं की लिंक परत लावून, घट्ट करून, दुसऱ्याला दाखवा. प्रायमरीत करंट असताना सेकंडरी उघडी राहिली तर तिथं जीवघेणं व्होल्टेज येतं. यात सूट नाही, सिनिअर घाई करत असला तरी नाही.

बर्डन जास्त निघालं तर? 4 स्क्वेअर एमएमला किलोमीटरला 4.61 ओहम, म्हणजे 13.8 व्हीए, उन्हाळ्यात 15 च्या वर. दोन-दोन वायर पॅरलल टाकल्या तर निम्मं होतं. पण नवीन काम असेल तर साहेबांच्या मागं लागून 1 अँपिअरची सीटी मागवा. तीच 2.5 ची वायर, तेच 60 मीटर, बर्डन 0.89 व्हीए. लांब यार्डात 5 अँपिअरची सीटी घेणं माझ्या मते निव्वळ सवय आहे.

मीटरिंगच्या सीटीत मात्र उलट बघायचं. तिची अचूकता प्लेटवरच्या बर्डनच्या 25 ते 100 टक्क्यांत असते. एचटी ग्राहकाच्या मीटरिंग क्युबिकलमध्ये वायर पाच मीटर, इलेक्ट्रॉनिक मीटर नावापुरतं बर्डन घेणारा. सगळं मिळून दोनएक व्हीए. 15 व्हीएच्या सीटीला किमान 3.75 लागतात. म्हणजे ‘मोठी घेतली, बरं झालं’ म्हणणारा बिलाचीच अचूकता घालवतो, आणि फॉल्टच्या वेळी सीटी उशिरा सॅच्युरेट होऊन मीटरवर जास्त करंट जातो तो वेगळाच. तिथं 5 व्हीए पुरते.

रिपोर्टमध्ये व्हीए एकटा लिहू नका. इंजेक्ट केलेला करंट, वाचलेलं व्होल्टेज, कुठल्या बॉक्सपाशी मोजलं, वायरचा साइज आणि त्या दिवसाचं तापमान, हे प्रत्येक फेजपुढं लिहा.